टोपली पायरीवर

बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नऊ कपॅसिटर रांगेत होते; त्यातला एक बिघडलेला, आणि हरीभाऊंकडे तसा नवा एकच. एकही फुगला नव्हता, मीटर सगळ्यांना सारखंच दाखवत होतं. डाग सोडवायला जुना बोर्ड एकदाच तापवणं सोसणार, आणि जुनी डिस्क दुसऱ्या कुठल्याच बोर्डावर चालत नव्हती. चुकीचा उपटला तर गेलेल्या बायकोने टाइप केलेलं सगळं कायमचं जाणार. त्यात कुजक्या मासळीचा वास. “नीराबाई, टोपली पायरीवर ठेव, किती वर्षं सांगतोय?” दारातली कोळीण म्हणाली, “पायरीवरच हाय. माझे बोंबील ताजे हायत. वास तुमच्या टेबलावरनं येतोय.” हरीभाऊ थबकले. गळलेल्या कपॅसिटरला असाच वास येतो. “आत ये.” तिने वाकून एकेक हुंगला आणि सातव्यावर बोट ठेवलं. “ह्यो.” त्यांनी तो काढला, बूड ओलं होतं. नवा बसवून बटण दाबलं. स्क्रीनवर बायकोच्या फायलींची नावं उमटली. नीराबाईने टोपली आत आणून टेबलाशेजारी ठेवली. हरीभाऊंनी स्टूल पुढे केलं.