नशीबवान

बंडाबर्ग शहरातल्या जलतरण तलावावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या ग्लेनिसच्या पोटरीवरचा तीळ कर्करोगाचा निघाला. सुरुवातीलाच सापडला म्हणून डॉक्टरांनी तो मुळासकट काढला. रविवारी अंगणात सॉसेज भाजताना नवरा डग पाहुण्यांना हसून म्हणाला, "तीळच तो! गेला, विषय संपला." नणंदेने री ओढली, "नशीबवान आहेस, ग्लेनिस!" ग्लेनिसने बशी आदळली. "मग ये, तुझ्याही पोटरीचा लचका तोडते, नशीब वाटून घेऊ! रोज आंघोळीत अंगावरचा एकेक तीळ चाचपून बघते, हाही तसलाच तर नाही ना म्हणून, आणि वर मीच आनंद मानायचा?" "अगं, पाहुण्यांसमोर?" डग कुजबुजला. "घरात तू ऐकतोस कुठे?" म्हाताऱ्या सासूबाईंनी गळ्यातला रुमाल सोडला. खाली जुना व्रण होता. "मलाही कुणी घाबरू दिलं नव्हतं, पोरी. मी गप्प बसले. तू बसू नकोस. डग, शेगडी विझव. ऐक तिचं."