सुट्टी आणि डावी बाही

विद्यार्थी अजून उठला नव्हता. खाली दुकानात तिन्ही मशिनं केव्हाची सुरू झाली होती, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे छताला टेकायला आले होते आणि वरच्या खोलीतून निवांत घोरणं ऐकू येत होतं.

"उठवलंस का त्या विद्यार्थ्याला?" मालकिणीने सुनेला विचारलं. दुकान तिचं, घर तिचं, म्हणून सगळी गल्ली तिला मालकीणच म्हणायची.

"सुट्टी आहे म्हणे," सून कॉलर उलटवत म्हणाली.

"कसली सुट्टी? वर्षभर काय विटा वाहिल्या? बाकावर बसायचं आणि पुढे कोणीतरी बोलतं ते ऐकायचं. एवढ्यावर माणूस दमतो?"

सून हसली नाही. हसली असती तर पुढची पाळी तिची होती.

विद्यापीठाला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मालकिणीच्या डोक्याला ताप सुरू झाला. विषय काय, तर दगड. विद्यार्थ्याने नदीवरून पिशवीभर दगड आणले, भाजीच्या चाळणीत धुतले आणि इस्त्रीच्या टेबलावर वाळत घातले. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटला चिखल लागला. मालकिणीने तोंडाचा पट्टा सोडला. सगळं ऐकून झाल्यावर विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "याला चिखल नाही म्हणत. हा गाळ आहे, फार जुना."

त्या दिवसापासून तिने अबोला धरला. काही सांगायचंच झालं तर सुनेच्या तोंडून.

आता नवीनच टूम निघाली होती. वर्गातली पोरं आठवडाभर डोंगरावर तंबू ठोकून राहणार होती, दगड बघायला. विद्यार्थ्यालाही जायचं होतं.

"नाही म्हणून सांग," मालकीण सुनेला म्हणाली. "परसात दगड कमी पडलेत का?"

तिचा मुलगा मशीनला तेल घालत होता. तो म्हणाला, "आई, जाऊ दे ना. सुट्टीचा तेवढाच काही उपयोग होईल."

"उपयोगच करायचा तर इथे काम पडलंय ढीगभर. विद्यापीठात नाव घालताना तुम्ही दोघं नाचत गेलात. मला विचारलं होतंत? आता तुम्हीच निस्तरा."

दुपारी वर्गातली दोघंजणं दुकानात आली, एक उंच मुलगा आणि एक चष्मेवाली मुलगी.

"आजी, पाठवा ना," मुलगी म्हणाली.

"आणि घसरून पडलं म्हणजे? घरच्या जिन्यावर ज्याचा पाय ठरत नाही त्याला तुम्ही डोंगरावर नेणार."

"आम्ही आहोत ना सोबत."

"म्हणून तर जास्त काळजी."

उंच मुलगा घाबरून दाराकडे सरकला. मुलगी मात्र हटली नाही. "आजी, दगड ओळखण्यात वर्गात पहिला नंबर आहे. सर आम्हाला सांगतात, यांच्या वहीत बघा."

मालकिणीला बरं वाटलं. पण तोंडात टाचण्या धराव्यात तसं तिने ते ओठांत घट्ट धरून ठेवलं. "आधी शाळेचे शर्ट जाऊ देत," ती म्हणाली. "बिल्ले लावायचे राहिलेत. ते झाले तर बघू."

विद्यार्थी जिन्यात उभा राहून ऐकत होता. तो तसाच खाली आला, सुईदोरा घेतला आणि कोपऱ्यात बसला. जेवायलासुद्धा उठला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळा गठ्ठा संपला. टाके एकसारखे, बारीक, घट्ट. सून कौतुकाने बघत राहिली.

मालकिणीने वरचा शर्ट उचलून झटकला. मग दुसरा. मग तिसरा. मग ती स्टुलावर बसली.

शाळेचा बिल्ला डाव्या बाहीवर असतो. सगळेच्या सगळे उजव्या बाहीवर होते.

"सूनबाई, विचार त्याला, डावा हात कुठला ते शिकवतात का विद्यापीठात?"

विद्यार्थ्याने शर्ट समोर पसरला, मान तिरकी केली. "समोरून पाहिलं तर ही डावीच आहे."

"शर्ट बघायला शिवतात की घालायला?"

मुलाने हसू लपवायला मशीन चालू केलं. मशीनमध्ये कापड नव्हतं.

विद्यार्थ्याने कात्री घेतली आणि तो टाके उसवायला लागला. पहिल्याच टाक्याला कापडाला भोक पडलं.

मालकिणीने कात्री हिसकावून घेतली. "सांग त्याला, पिशवी भर म्हणावं. तो इथे राहिला तर माझा हंगाम बुडेल."

"मी राहतो," विद्यार्थी मान खाली घालून म्हणाला. "बिघडवलं मी, नीटही मीच करतो. डोंगर काही पळून जात नाही."

"नको म्हणावं. डोंगराला बाह्या नसतात, तिथे त्याचं बरं चालेल."

त्या रात्री सासूसुनेने मिळून बिल्ले उसवले. सासू अधूनमधून उसासे टाकत होती. सुनेने कारण विचारलं नाही.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी बस उभी राहिली. खिडक्यांतून पोरांनी आरडाओरडा केला. विद्यार्थी पिशवी खांद्याला लावून निघाला, एक पाय पायरीवर ठेवला, तेवढ्यात मागून मालकीण आली. हातात लोकरीचे मोजे होते. इतक्या उन्हाळ्यात मोजे कशाला, असं विचारायची बसमध्ये कोणाची छाती झाली नाही.

मोजे देऊन ती तिथेच उभी राहिली. सून दुकानात होती, निरोप सांगायला जवळ कोणी नव्हतं.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "लग्न झाल्यापासून एक रात्रसुद्धा तुम्हाला सोडून राहिले नाही मी. रोज फोन करा."