दोन दशांश सेकंद

“तुफानच! त्याच्याइतका वेगवान ड्रायव्हर झाला नाही आणि होणारही नाही,” म्हातारा मेकॅनिक म्हणाला आणि त्याने पलंगाच्या दांडीवर थाप मारली. पलंग हलला. पलंगावरचा माणूस हलला नाही.

त्याला हलताच येत नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी झटका आला आणि हातपाय गेले, वाचाही गेली. राहिल्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा मिटल्या म्हणजे नाही, हा नियम त्याच्या बायकोने बसवला होता. दुसऱ्यांदा मिटायला त्याला वेळ लागायचा, म्हणून प्रश्न विचारला की ती मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायची. एवढं थांबायची सवय दुसऱ्या कोणाला नव्हती, आणि ती आत्ता खाली औषधं आणायला गेली होती.

“टीव्ही बघत नाही वाटतं तुम्ही?” शेजारच्या पलंगावरून पायाला प्लास्टर घातलेला पेशंट म्हणाला. “आताच्या पोरांपुढे तुमचा तुफान म्हणजे सायकलवरचा दूधवाला!”

“आता गाड्या पळतात हो, माणसं कुठे पळतात? तुफानची गाडी या हातांनी बांधलीय मी. एकदा भर शर्यतीत ब्रेक गेले, तर उतरल्यावर म्हणतो कसा, बरं झालं, त्यांचा तसाही उपयोग नव्हता!”

प्लास्टरवाला हसला. स्टुलावर बसलेली बाई हसली नाही. ती मास्तरची, म्हणजे तुफानशी टक्कर देणाऱ्या ड्रायव्हरची, मुलगी होती.

“माझे बाबा दोनच दशांश सेकंदांनी मागे राहिले,” ती म्हणाली.

“दोन दशांश म्हणजे दोन दशांश, पोरी. घड्याळ काही कोणाचं मिंधं नसतं.”

तेव्हा ते घड्याळ पलंगावरच्या या माणसाच्या हातात होतं. शर्यतीच्या ट्रॅकवर तो स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक गाडीची वेळ मोजायचा. सगळे त्याला काटा म्हणायचे. गाडीकडे बघायचं नाही, रेषेकडे बघायचं, हा त्याचा धर्म. गाडीचं नाक रेषेवर आलं की अंगठा बटणावर पडायचा. तीस वर्षांत तो एकदाच चुकला.

त्या दिवशी प्रत्येकाने एकेकट्याने फेरी मारायची होती; आधी तुफानची झाली, मग मास्तरची. मास्तर म्हणजे चष्मा पुसून, शर्टाचं वरचं बटण लावून गाडीत बसणारा माणूस. त्याची गाडी रेषा ओलांडून गेली आणि काट्याचा अंगठा उशिरा पडला. चांगला अर्ध्या सेकंदाने. त्याला ते तिथल्या तिथे कळलं. पण वर मान करून बघतो तर आकडा कळायच्या आधीच लोकांनी तुफानला खांद्यावर घेतलेलं. काट्याने घड्याळात दिसला तो आकडा लिहिला आणि तोंड मिटलं. उद्या सांगू, परवा सांगू करता करता चाळीस वर्षं गेली. ट्रॅकवर इमारती उभ्या राहिल्या. तुफान वारला. मास्तरने शर्यती सोडून लोकांना गाडी शिकवायला सुरुवात केली आणि उरलेला जन्म दुसऱ्या गिअरमध्ये काढला. अंगठा का उशिरा पडला, हे काट्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला लाज वाटायची.

“काका,” मास्तरची मुलगी स्टूल पुढे ओढत म्हणाली, “बाबांचं आता काही खरं नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. इतकी वर्षं त्या शर्यतीचा विषय काढला की उठून जायचे. काल आपणहून म्हणाले, काट्याला विचारून ये, माझी वेळ बरोबर होती का. तो सांगेल ते मला मान्य.” तिने त्याच्या निर्जीव हातावर हात ठेवला. “बरोबर होती का, काका?”

मेकॅनिक पलंगावर वाकला. प्लास्टरवाल्यानेही मान वळवली. काट्याला वाटलं, देवाने पापण्या शिल्लक ठेवल्या त्या याचसाठी.

त्याने पापण्या मिटल्या.

“बघा!” मेकॅनिक ओरडला. “हो म्हणाला! स्वतः काटा हो म्हणाला!” आणि तो प्लास्टरवाल्याकडे वळला. “आता बोला की! कुठे गेला तुमचा टीव्ही?”

मुलीने मान खाली घातली आणि रुमालासाठी पर्स चाचपू लागली.

काट्याने पापण्या उचलल्या. भरलेलं पोतं उचलावं तशा उचलल्या. मग सगळा जीव एकवटून त्याने त्या दुसऱ्यांदा मिटल्या. पुन्हा उघडल्या तेव्हा मेकॅनिकची पाठ दिसत होती. मुलगी डोळे पुसत होती.

“येते काका. सांगते बाबांना,” ती म्हणाली. “बरं झालं, एकदाचं कळलं.”

त्याने मिटल्या, उघडल्या, मिटल्या, उघडल्या. ती दारातून बाहेर पडली होती. मेकॅनिक तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला.

बायको पिशवी घेऊन आली आणि त्याच्याकडे बघताच थबकली. “अहो, काय झालं? काही सांगायचंय का?”

हो. तिने पाचपर्यंत मोजलं.

“तहान लागलीय?”

नाही.

“कूस बदलू? पाठ खाजतेय? पंखा लावू? कुठे दुखतंय का?”

नाही. नाही. नाही. नाही. ती प्रत्येक वेळी पाचपर्यंत थांबली. तिला सुचतील तेवढे प्रश्न तिने विचारले. मग ती पलंगावर टेकली, पदराने त्याचे डोळे टिपले आणि स्वतःच रडायला लागली. “मला कळत नाहीये हो. काय विचारू तेच कळत नाहीये.”

तिने काय विचारायला हवं होतं, ते एकट्या त्याला ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी मास्तरची गाडी शेवटच्या वळणातून बाहेर आली, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा रेषेकडे बघायचं विसरला होता. गाडीकडेच बघत राहिला होता. इतक्या वेगाने जाताना त्याने कधी कोणाला पाहिलंच नव्हतं.