दोन्हीकडची भाषा

वडील गेल्यापासून आई कुणाशी एक शब्दही बोलली नव्हती. शोकसभेत एका बाजूला वडिलांचे नातेवाईक बसले होते, दुसऱ्या बाजूला आईचे. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती.

"कुठल्यातरी एकाच भाषेत बोल, उगाच हसं नको," काकांनी बोलायला उठलेल्या पुतणीला बजावलं. ती मात्र वडील घरात बोलायचे तशीच बोलली, एकेका वाक्यात दोन्ही भाषा कालवून. भांडण झाल्यावर ते आईची समजूत कशी काढायचे, त्याचीही तिने तशाच कालवलेल्या भाषेत नक्कल केली. दोन्हीकडच्यांना अर्धंअर्धंच कळलं.

"चुकलीस गं," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "भांडायचे दोन्ही भाषांत. समजूत काढायचे ती फक्त माझ्या भाषेत."