हो म्हणणारा सूरज

"मावशी, तुमच्या पोरानं कबूल केलंय. मानपाड्याच्या कंपनीतली तांब्याची केबल त्यानंच चोरली," चौकीतल्या मॅडम म्हणाल्या.

शेवंतीनं पोराकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा सूरज बाकावर बसून शर्टाचं बटण फिरवत होता. हा कसला केबल चोरतोय! ह्याला चपलांचा डावा-उजवा कळायची मारामार.

"मॅडम, तो सगळ्यालाच हो म्हणतो. बघा." ती वळली. "सूरज, काल कल्याणचा पूल तूच पाडलास ना?"

"हो."

"आणि मॅडमची गाडी टिटवाळ्याला नेऊन विकलीस ना?"

"हो."

गाडी समोर दारातच उभी होती. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "असा का हा?"

आता सांगणं भाग होतं, नाहीतर पोरगं आत गेलं असतं. "हा पोटात होता तेव्हा मी दारू प्यायची. रोज. बिगारीचं काम, अंग ठणकायचं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला तेव्हाच मार बसला. वर मीच शिकवलं, मोठ्या माणसांना हो म्हण, लवकर घरी सोडतात." तिनं डोळे पुसले. "पण त्यानं माफ केलंय मला. रोज विचारते, रोज सांगतो. त्यावरच जगतेय."

चोरीच्या दुपारी सूरज तिच्यासोबत कल्याणच्या दवाखान्यात होता. तिनं तिथला कागद पुढे केला. मॅडमनी दवाखान्यात फोन लावला, खात्री केली आणि सूरजला सोडलं.

"मावशी, त्याला नाही म्हणायला शिकवा."

रिक्षातच शिकवणी सुरू झाली. "खरं नसेल तर नाही म्हणायचं. समोर कोणी का असेना. मी असले तरी. केबल तू चोरलीस?"

"हो."

"अरे देवा! नीट आठव ना रे. खरंच चोरलीस?"

सूरजनं कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला. "नाही."

"शाब्बास माझ्या राजा! पूल पाडलास?"

"नाही."

"मॅडमची गाडी विकलीस?"

"नाही!" आता त्याला गंमत वाटायला लागली होती. शेवंतीला मात्र आनंदानं रडू फुटलं. आपल्यामागे ह्याचं कसं होईल, ही चिंता आज जरा हलकी झाली होती.

घरी आल्याआल्या तिनं वरणभात कालवला. त्याच्यापुढे ताट सरकवून रोजच्यासारखंच विचारलं, "मला माफ केलंस ना रे, बाळा?"

सूरजनं घास हातातच धरला. कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला.

"नाही."