बेचाळिसाव्या खुणेवरची रेषा

सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जवळच्या होटगी गावचे महिपती अकरा वर्षे एकच काम इमानाने करीत आले होते. प्रखर ठिणगीतून उसळणाऱ्या प्लाझ्माच्या, म्हणजे तप्त वायूच्या, प्रकाशाचे काचेवर छायाचित्र निघे, आणि त्यातील काळ्या रेषा ते डावा डोळा तळहाताने झाकून भिंगातून मोजत.

१९७४ साली रेषा आपोआप मोजणारे यंत्र आले. त्याची कागदावर आलेख काढणारी लेखणी प्रत्येक काचेला मोजपट्टीच्या बेचाळिसाव्या खुणेवर उसळी घेई.

"सर, तितं रेषाच न्हाय की!"

"यंत्राला दिसते ती तुम्हाला दिसेना, तर उद्यापासून होटगीतच बसा, महिपती," प्रयोगशाळेचे प्रमुख देशमाने सर हसून म्हणाले.

महिपतींनी मुद्दाम कोरी काच लावली. लेखणी बेचाळीसवर उसळली. त्यांनी काचच काढून घेतली. लेखणी पुन्हा तेथेच उसळली.

सरांचे हसू मावळले. "भिंगातून बघा बरं."

महिपतींनी डावा डोळा झाकून पाहिले. रिकाम्या जागेत एक बारीक काळी रेषा उभी होती.

"दिसली का?"

महिपतींनी दोन्ही डोळे उघडून मान वर केली. तीच रेषा सरांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ उतरली होती.

"न्हाय सर," महिपती म्हणाले. "मला काय बी दिसत न्हाय."