चाळिसावी गाडी

१९९८ सालच्या मार्चचा शेवटचा दिवस. दुपारी तीनला भाऊंनी आपल्या मोटारींच्या शोरूममधल्या फळ्यावरचा आकडा पुसला आणि पुन्हा तोच लिहिला. एकोणचाळीस.

महिन्यात चाळीस गाड्या खपल्या, तर कंपनी प्रत्येक गाडीमागे बक्षीस देणार होती. एक जरी कमी पडली, तर काहीच नाही. आणि बक्षीस मिळणारच असं धरून भाऊंनी गिऱ्हाइकांना तेवढी सूट आधीच देऊन टाकली होती.

थोरली बहीण आक्का डबा घेऊन आली. भाऊंनी डबा बाजूला सारला आणि फॉर्म पुढे केला.

“आक्का, एक गाडी तू घे. दाजींच्या फंडाचे पैसे आहेत ना? दोन महिन्यांत विकून परत देतो.”

“अरे, मला धड सायकल येत नाही.”

“टेप फुकट आहे, आक्का. वर सीट कव्हर,” कंपनीचा साहेब म्हणाला. सकाळपासून तो पंख्याखालची खुर्ची अडवून बसला होता.

“टेप लावायला ड्रायव्हर ठेवू का? आणि गाडी एवढी चांगली, तर ही खिरापत कशाला वाटता हो?”

साहेबाचं हसू गेलं. “कारखाना थांबवता येत नाही. गिऱ्हाईक असो-नसो, गाड्या निघतच राहतात. मग दुकानदाराला आमिष, गिऱ्हाइकाला आमिष. कुठेतरी खपायला तर हव्यात.”

आक्काने भावाकडे पाहिलं. त्याच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती. तिने फॉर्मवर सही केली, मग चेकवर.

भाऊंनी फळ्यावर चाळीस लिहिलं. साहेबाने फोन लावला, दोनदा ‘हो सर’ म्हणाला आणि ठेवला.

“अभिनंदन, भाऊ. चाळीस जमल्या, म्हणून पुढच्या महिन्यापासून तुम्हाला पन्नास.”

खडू भाऊंच्या हातातच राहिला.

साहेबाला त्या वर्षी बढती मिळाली. शोरूम दीड वर्षात बंद पडली. तोवर दोन मेहुण्यांच्या आणि व्याह्यांच्या नावावरही गाड्या झाल्या होत्या. भाऊ दुसऱ्याच्या दुकानात टायर विकू लागले, आणि नातेवाइकांकडे जायचे थांबले.

आक्काची गाडी कोणी घेतली नाही. महिन्यागणिक वाढत गेलेली सूट धरून कोरी गाडीच तिच्याहून स्वस्त पडत होती. फंड गेल्यावर आक्का लोकांचे कपडे शिवू लागली. दुपारी अंगणातल्या गाडीत, मागच्या सीटवर बसून काजं करायची. सीटवरचं प्लास्टिक तिने अखेरपर्यंत काढलं नाही.

“भाऊ विकायला नेईल तेव्हा नवी दिसायला हवी,” म्हणायची.